दिव्याची डावी बाजू

४ जानेवारी

प्रिय ताई,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. आपला दिवा उभा राहिला!

आपला म्हणजे आप्पांचा. जहाजांसाठी टेकडीवर तो उंच आपोआप पेटणारा खांब आला तेव्हा आप्पांचा दिवा पाडला होता, आता त्याच खडकावर, त्याच जागी नवा बांधलाय. तेवढाच बुटका, तसाच पांढरा, लाल टोपीसकट. काल रंगाचा शेवटचा हात झाला. मी खाली उभा राहून इतका वेळ वर बघत होतो की मान अवघडली. दिवा बांधणाऱ्या समितीतले सगळे मला 'दिवेवाल्यांचा मुलगा' म्हणतात. या वयात कुणी मुलगा म्हटलं की बरं वाटतं.

आप्पांच्या ट्रंकेत ती फोटोची काच होती, जुन्या काळची निगेटिव्ह, आठवते? कुणी फोटोवाला आला होता आणि आप्पा वर सज्जात उभे आहेत, ती. जुने नकाशे कुठल्याच कचेरीत सापडले नाहीत. ती काच मी दिली नसती तर दिवा झालाच नसता. इंजिनिअरने त्या एका फोटोवरून सगळं बसवलं. भिंतीतल्या खिडक्या जशा चढत गेल्यात तसा आत जिना वळवला. सज्जाच्या कठड्यात तेलाचे डबे वर ओढायची मोकळी जागा होती, तीही तशीच ठेवली, वर कप्पी, दोर, आडवी साखळी. हुबेहूब, ताई, हुबेहूब!

येत्या दहा फेब्रुवारीला उद्घाटन. दिवा तू लावायचास, असं समितीने एकमताने ठरवलंय. एकमत मीच केलं म्हण. गुडघे, खोकला, मांजर, कसलीही सबब चालणार नाही. आणि आपण तिथे कसे राहायचो ते चार ओळींत लिहून पाठव, मी समारंभात वाचणार आहे.

तुझा,
ढब्या


१२ जानेवारी

ढब्या,

अक्षर बघून दचकू नकोस. माझी बोटं सुजलीत, पेन धरवत नाही. वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहते, मी सांगते आणि ती लिहिते. शिलाई सरळ घालते तशीच ओळही सरळ घालते. तेव्हा भावाला उद्देशून मी जे काही बोलेन ते तिच्या कानावर पडणार, हे धरून चालायचं.

मी येणार. सबब नाही की काही नाही. तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं.

चार ओळी म्हणतोस, तर ऐक. जिना चढताना उजवा हात भिंतीला. भिंत ओलसर, खडबडीत, मध्येच खिडकी आली की हाताला वारा लागायचा. वर पोचलं की बुटकं दार, डोकं वाकवून बाहेर. आणि बाहेर पाऊल टाकलं की डावीकडे. डावीकडे कठडा भक्कम, आप्पांचं स्टूल तिथेच. उजवीकडे ती डबे ओढायची मोकळी जागा. तिथे गुडघ्याएवढी साखळी सोडली तर काही नाही, आणि खाली खडक. मी दाराशी पोचले की आप्पा आतून काच पुसता पुसता ओरडायचे, "डावीकडे गं!" रोज. मी रोज म्हणायची, "माहितेय हो." तरी रोज ओरडायचे. आई तर उजव्या बाजूला 'यमाची बाजू' म्हणायची.

तुझी मान अवघडली म्हणतोस. मला मान वर करायचीसुद्धा गरज नाही. डोळे मिटून चढेन मी तो जिना, बघशील तू.

ताई


१९ जानेवारी
(हे पत्र पाकिटात घातलं, तिकीटही लावलं. टाकलं नाही.)

ताई,

तुझं पत्र आल्यापासून तेच परत परत वाचतोय. तू लिहिलंस उजवा हात भिंतीला. आपल्या नव्या दिव्यात भिंत डाव्या हाताला येते. तू लिहिलंस बाहेर पडलं की डावीकडे कठडा, स्टूल. आपल्या नव्या दिव्यात डावीकडे मोकळी जागा आहे.

मी भिंग घेऊन फोटो पुन्हा पाहिला. आप्पांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे. असा शर्ट त्यांनी जन्मात घातला नाही. काच उलटी धरून फोटो छापलाय, ताई. सगळा दिवा आरशात दिसावा तसा उलटा बांधून झालाय.

आणि हे माझ्यामुळे. स्टुडिओवाल्याने काच उजेडात धरून विचारलं होतं, "यातली कुठली बाजू बरोबर?" इंजिनिअर, समितीचे अध्यक्ष, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तिथे राहिलेला मी एकटा. मी छाती पुढे काढून म्हटलं, "हीच." मला काही आठवत नव्हतं. आपण तिथून निघालो तेव्हा मी तुझ्या कडेवर होतो. दिव्याबद्दल मला जे आठवतं ते सगळं तू सांगितलेलं आहे.

आता सांगितलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. नाही सांगितलं तर कुणाला कळणार? तुला. तू वर येशील, एका नजरेत ओळखशील, माझ्याकडे बघून हसशील. तेवढं मी सोसेन. तेव्हाच तुझ्या कानात सगळं सांगेन.

ढब्या


२० जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. छान लिहून पाठवलंस. बोटांना शेक दे.

एक विचारू? डावीकडे स्टूल आणि उजवीकडे मोकळी जागा, हे तुला नक्की आठवतंय ना? इतकी वर्षं झाली. माणसाच्या आठवणीत डावं-उजवं होतं कधीकधी. माझ्या ओळखीत एकजण आहेत, त्यांना स्वतःच्या लग्नात कोण कुठे बसलं होतं तेही आठवत नाही. मला वाटतं समारंभात ते बाजूंचं नको वाचायला, बाकी वाचतो.

तू ये. वर जाताना मी बरोबर असेनच.

तुझा,
ढब्या


२७ जानेवारी

ढब्या,

अरे, तू कडेवर होतास! लाळ गळत होती तुझी! आणि तू मला विचारतोस, नक्की आठवतंय ना?

म्हाताऱ्या बाईला काय विचारायचं असतं ते मला चांगलं कळतं. आधी आठवण तपासायची, मग तब्येत, मग म्हणायचं, तुम्ही खाली खुर्चीत बसा, वरचं आम्ही बघतो. तुझ्या समितीला कुणी दुसरं मिळालंय का दिवा लावायला? मिळालं असेल तर सरळ लिही. आडून आडून लिहायची तुझी सवय जुनी आहे आणि मला ती कधी आवडली नाही.

माझी एक अट आहे. मी वर एकटी जाणार. तुम्ही सगळे मागून या, हारतुरे घेऊन या, वाजंत्री आणा, पण आधी मी एकटी. माझं कोपर कुणी धरायचं नाही. तूही नाही. रस्त्यात, दुकानात, बसमध्ये, जो तो माझं कोपर धरायला टपलेला असतो. तिथे मला कुणाची गरज नाही. ती एकच जागा आहे, ढब्या, तिथे मला कुणाची गरज नाही.

कबूल असेल तर कळव. नसेल तर कळवू नकोस, मी येणारच आहे.

ताई


२८ जानेवारी

मामांना नमस्कार,

मी मावशींची पत्रं लिहून देते ती वरच्या मजल्यावरची. हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. त्यांना कळलं तर माझ्याशी बोलणं टाकतील.

मावशींच्या बोटांना काही झालेलं नाही. त्यांना दिसत नाही. दोन्ही डोळे गेले, मागच्या वर्षीपासून उजेड-अंधारही कळत नाही. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. म्हणाल्या, कळलं की भाऊ येईल, सामान बांधेल, त्याच्या घरी नेऊन खिडकीशी बसवेल, आणि मग मी बसलेलीच राहीन.

तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून त्यांचा नूर पालटला. घरात चालताना भिंतीला उजवा हात लावून चालतात. मी काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, सराव करते. म्हणतात, सगळ्या जगात तेवढ्या जिन्यावर मला डोळे लागत नाहीत, तिथे मी चारचौघांसारखी चढेन आणि उतरेन, कुणाला कळणारसुद्धा नाही.

मला जिन्याची भीती वाटते. पण तुम्ही लिहिलंय ना, हुबेहूब आहे म्हणून? मग भ्यायचं कारण नाही असं मी मनाला सांगते. तुम्ही एकदा तसं कळवा, म्हणजे मला झोप लागेल. तुमचं मागचं पत्र ऐकल्यापासून त्या चिडलेल्या आहेत, लवकर निघू म्हणतात.

आपली,
मावशींची शेजारीण


२ फेब्रुवारी

बाई,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, उद्या दुपारपर्यंत तुम्हाला मिळेल. तुमच्या खालच्या वाण्याकडे फोन लावतोय, नुसता वाजतोय.

तिला निघू देऊ नका. काहीही करा. चावी लपवा, चपला लपवा, मी मेलो म्हणून सांगा.

दिवा हुबेहूब नाही. उलटा आहे. डावीकडे जिथे ती वळणार तिथे कठडा नाही. चूक माझी आहे, मला दोन आठवडे माहीत आहे, मी तिला लिहिलं नाही. मला वाटलं ती बघेल आणि हसेल. बघेल!

साखळीसुद्धा काढून ठेवली आहे. उद्घाटनाला जुन्या पद्धतीने तेलाचा डबा वर ओढून दाखवायचा, त्याची तालीम चालू आहे. मी आत्ता जाऊन ती लावून घेतो. लावली तरी ती गुडघ्याएवढीच आहे.

हे पत्र तिला वाचून दाखवा. सगळं. माझी लाज राखू नका.

तिचा भाऊ


३ फेब्रुवारी, दुपार
(रखवालदाराच्या हाती आलेली चिठ्ठी)

मामा, आम्ही आलो आहोत. सकाळच्याच बसने. तुमच्या घरी न जाता मावशी सरळ दिव्यावर आल्या. रखवालदाराला म्हणाल्या, मी दिवेवाल्यांची मुलगी. त्याने आदराने कुलूप काढून दिलं. काठी माझ्याकडे देऊन मला खाली थांबायला सांगितलंय. म्हणतात उद्घाटनाच्या आधी एकदा एकटीने जाऊन येते. मी अडवलं तर रागावल्या. तुम्ही जवळच राहता असं कळलं म्हणून रखवालदारांना धाडते आहे. तुमचा काही निरोप मला मिळालेला नाही. हुबेहूब आहे ना?


८ फेब्रुवारी

ताई,

तू दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने गेलीस. मी स्टँडवर आलो होतो. तू आत बसली होतीस आणि तोंड खिडकीकडे होतं. बाईंनी तुला सांगितलं असणार मी उभा आहे म्हणून. तू मान वळवली नाहीस. मी काही म्हणत नाही, तुझं बरोबर आहे.

माझी बाजू म्हणून नाही, नुसतं काय झालं ते सांगतो. चिठ्ठी हातात पडली तेव्हा मी दाढी करत होतो. आदल्या संध्याकाळी साखळी लावायला गेलो होतो, रंगारी म्हणाला साखळीच्या कड्या पुन्हा रंगवल्यात, ओल्या आहेत, उद्या लावतो. मी बरं म्हटलं. बरं म्हटलं, ताई! मला कुणी काही म्हटलं की मी बरं म्हणतो. अर्ध्या गालाला साबण तसाच, अनवाणी पळालो. वळणावर आलो तेव्हा तू दाराबाहेर आलेली दिसलीस. एक हात चौकटीवर. चेहरा समुद्राकडे. आणि तू डावीकडे वळलीस. मला एवढंच दिसत होतं की तुझ्या पायापुढे जमीन संपते.

पुढे मी काय ओरडलो ते तुला माहीत आहे. किती वेळ ओरडलो ते मला माहीत नाही. बाई म्हणतात, तू उजवीकडे वळून कठडा धरलास त्यानंतरही मी ओरडतच होतो.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बोलावली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, काच, खिसा, 'हीच' म्हटलेलं, सगळं. इंजिनिअर फोटो जवळ ओढत म्हणाला, "खिसा मलाही दिसायला हवा होता." अध्यक्षांनी उद्घाटन पुढे ढकललं. मोकळ्या जागेला काल पूर्ण उंचीचं लोखंडी फाटक बसवलं, त्याला कुलूप आहे, चावी रखवालदाराकडे. मी स्वतः हलवून पाहिलं. समितीतून मी नाव काढून घेत होतो, त्यांनी काढू दिलं नाही. म्हणाले, आता पळून जाऊ नका.

डोळ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. तू मला का सांगितलं नाहीस ते मला समजतं. सामान बांधायला मी येणार नाही. आलोच तर चहा प्यायला येईन, आणि परत जाईन.

तारीख कधीची धरायची, धरायची की नाही, ते तू सांगितल्याशिवाय ठरणार नाही. मी वाट बघतो.

ढब्या


१५ फेब्रुवारी

ढब्या,

हे मी स्वतः लिहिते आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील. कागदाखाली पट्टी ठेवलीय तरी मधूनच हात घसरतो. वाचता येईल तेवढं वाच, उरलेलं सोडून दे.

मी खिडकीकडे तोंड करून बसले होते कारण मी रडत होते. तुझा राग होता. स्वतःचाही होता.

जिन्याच्या पहिल्या पायरीलाच मला कळलं होतं. उजवा हात पुढे केला तर हाताला हवा. भिंत डाव्या हाताला. मी तिथेच थांबले. तुझं ते पत्र नसतं आलं तर मी तिथूनच ओरडले असते, की अरे गाढवांनो, हे काय बांधून ठेवलंत! पण तू विचारलं होतंस, नक्की आठवतंय ना? मी त्या पायरीवर उभी राहून म्हटलं, म्हणजे ढब्याला कळलंय. आपलं डोकंही कामातून चाललं. आधी डोळे, आता हे. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. खाली येऊन कुणाला विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं की ते खरं ठरणार. मग डावा हात भिंतीला लावून चढले. प्रत्येक पायरीला म्हणत होते, वरचं तरी बरोबर असू दे. वर डावीकडे वळेन, कठडा हाताला लागेल, आणि मी शहाणी ठरेन. म्हणून वळले. कठडा शोधत होते, रे.

तेवढ्यात तुझा आवाज. "उजवीकडे! ताई, उजवीकडे!"

त्या जागेवर मला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. उजवीकडे म्हणजे यमाची बाजू. क्षणभर तुझाच राग आला, की ह्याला अजून डावं-उजवं कळत नाही. पण तुझा आवाज फुटला होता. तसा तू एकदाच ओरडला होतास. दिवा सोडून गावात राहायला आल्यावर खडकांच्या फटीत तुझा पाय अडकला होता, भरती चढत होती, आणि मी फ्रॉक वर धरून पाण्यातून आले होते तेव्हा. तू काय म्हणतोस ते मला पटलं नव्हतं. पण तेव्हाही तू तसा ओरडलास आणि मी विचार न करता धावले होते. म्हणून वळले.

कठडा हाताला लागला. तिथेच बसले. जिथे बसले तिथे आप्पांचं स्टूल असायला हवं होतं. उलट्या बाजूला, पण जागा तीच. वारा तोच होता. खाली तू अजून ओरडत होतास आणि मला हसू येत होतं, दात वाजत होते तरी.

तू मला लिहायला हवं होतंस. मी तुला लिहायला हवं होतं. दोघांनी लपवलं आणि दोन्ही लपवलेलं बरोबर त्या दारात येऊन भेटलं. यापुढे मला काही लपवायचं नाही. म्हणून हे गिचमिड अक्षर.

दिवा पाडायचा विचारही कुणी करू नका. उलटा असला तरी उभा आहे. फाटक राहू दे. फोटो सरळ करून छापून घे आणि आतल्या भिंतीवर लाव. येणाऱ्यांना सांगा, आधी कसा होता आणि आता कसा आहे. ज्याला वर जायचं त्याने आता कसा आहे तेवढं ध्यानात ठेवावं.

महिनाअखेरची तारीख धर. मी दोन दिवस आधी येईन, तुझ्याकडे उतरेन. नवा जिना मला पहिल्यापासून शिकायचाय, डावा हात भिंतीला. सकाळ-संध्याकाळ चढून चढून पायात बसवून घेईन. दिवा मीच लावणार.

मी घातलेली अट मोडीत काढलीय. वर जाताना माझं कोपर धर. कुठलं धरायचं ते मी सांगेन, तू ठरवू नकोस.

ताई